घरी फोन करशील का?

शाळेतली पोरं तिला मागून एक्स-रे मॅडम म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. माध्यमिकच्या पोरापोरींची मनं सांभाळायची, हे तिचं काम. कोण अचानक गप्प झालंय, कोणाचा डबा तसाच परत जातोय, कोण उगाचच मोठ्याने हसतंय, हे वर्गशिक्षकांच्या आधी तिला कळायचं. ग्रंथालयाला लागून असलेली लहानशी खोली तिची. तिथे दोन खुर्च्या होत्या. त्या समोरासमोर नव्हत्या, शेजारी शेजारी होत्या आणि त्यांची तोंडं खिडकीकडे होती. डोळ्याला डोळा भिडवून कोणी मनातलं बोलत नाही, असं तिचं ठाम मत होतं. भिंतीवर तिच्याच अक्षरातली पाटी होती: ‘इथलं बोलणं इथेच राहील. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ते मी एकटी पोटात ठेवणार नाही.’ खोलीत पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी ही पाटी वाचायला लावायची आणि मगच बस म्हणायची.

सगळ्या शाळेने ती पाटी वाचली होती. वाचली नव्हती ती तिच्या पोटच्या मुलीने. मुलगी त्याच शाळेत दहावीत होती, पण समुपदेशकाने स्वतःच्या मुलाला त्या खोलीत घ्यायचं नाही असा नियम होता. नियम तसा शहाणपणाचा. एकाच वेळी आई आणि मॅडम होता येत नाही, हे कोणालाही पटेल. शिक्षकांच्या मुलांसाठी म्हणून दर बुधवारी दुसऱ्या शाळेतल्या एक बाई यायच्या, रिकाम्या खोलीत चहा पिऊन परत जायच्या. त्यांच्याकडे जाणं म्हणजे आपल्याच घरावर बोट दाखवणं, असं त्या मुलांना वाटत असणार. हे कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

मुलीला घरात खारू म्हणत. लहानपणी ती घास दोन्ही गालांत भरून बसायची. गिळायचीही नाही आणि थुंकायचीही नाही. आई ओरडायची, बाबा हसायचा, आणि हिचे गाल तसेच फुगलेले. पुढे शाळेतही ती सगळ्यांची खारूताई झाली. अभ्यासात बरी, वागायला गुणी, कुठे तक्रार म्हणून नाही. आई मनातल्या मनात म्हणायची, चला, एका पोरीची तरी काळजी नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात तो असा. दिव्याला तो शेवटपर्यंत दिसत नाही.

त्या दिवशी दुपारी शाळेच्या सभागृहात पालकांसाठी तिचं भाषण होतं. पालक खुर्च्यांवर अवघडून बसले होते आणि ती रंगात आली होती.

“मूल घरी आलं, की दारातच प्रश्नांची सरबत्ती करू नका,” ती सांगत होती. “काय झालं, कोण म्हणालं, का उशीर झाला. अहो, पोलीसही आधी पाणी विचारतात. शेजारी बसा. हाताला काहीतरी काम द्या, भाजी निवडायला घ्या. गप्प बसायला शिका. मूल आपणहून बोलतं.”

लोक हसले. एका वडिलांनी तर मान डोलावून बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात बाजूच्या दारातून दहावीचे वर्गशिक्षक आत आले आणि वाकून तिच्या कानाशी लागले.

“मॅडम, खारू तुमच्याकडे आहे का?”

“माझ्याकडे कशी असेल? वर्ग चालू आहे ना?”

“मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात आली नाही. जिराफही नाही.”

जिराफ म्हणजे खारूच्या वर्गातली व्हॉलीबॉलची खेळाडू. पोरगी आठवीतच सगळ्या शिक्षकांच्या डोक्यावरून वर गेली होती. ते नाव तिने स्वतःच घेतलं होतं, दुसऱ्यांनी ठेवायच्या आत. मॅडमने पालकांकडे बघून हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि बाहेर पडली. बाहेरच्या भिंतीला टेकून तिने खारूला फोन लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. खारूचा फोन कधी बंद नसायचा. 

पुढे जे झालं ते त्या पालकांनी पाहिलं नाही, हे बरंच झालं. दहावीच्या वर्गात शिरून तिने असा आवाज चढवला, की शेजारच्या वर्गातला फळ्यावरचा खडू थांबला.

“कुठे आहे ती? कोणी पाहिलं? शेवटचं कोण बोललं तिच्याशी? खाली काय बघताय, माझ्याकडे बघा! खोटं बोलाल तर याद राखा!”

पोरं खालीच बघत राहिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान. प्रसाधनगृहं बघून झाली, गच्चीचं दार बघितलं, त्याला कुलूप होतं. ते कुलूप तिने हाताने ओढून पाहिलं आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं.  परक्या मुलांच्या बाबतीत असे प्रसंग आले होते, नाही असं नाही. तेव्हा ती सगळ्यांत शांत असायची. आज तिला स्वतःच्या खोलीचं दारही धड उघडता येईना.

दार उघडून आत जाते तोच मागून कोणीतरी आलं. आठवीतली मुलगी होती, दोन वेण्यांची, बुटकीशी. ती न सांगता खुर्चीत बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मॅडम, मी सांगितलं तर तुम्ही घरी फोन करणार?”

“कोणाच्या घरी?”

“माझ्या.”

“नाही गं. तू काय केलंयस?”

“मी काही नाही केलं. खारूताईचं सांगायचंय.”

मॅडम शेजारच्या खुर्चीत बसली. 

“तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही खारूताईला विचारतो,” दोन वेण्यांची म्हणाली. “म्हणजे, अमुक एक गोष्ट सांगितली तर मॅडम घरी फोन करतील का. ती तुमची मुलगी ना, तिला माहीत असणार. ती विचार करते आणि म्हणते, करेल बहुतेक. मग आम्ही येतच नाही. तिलाच सांगून टाकतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“सगळेच. जिमच्या मागे नळ आहे ना, तिथे. ती रोज मधल्या सुट्टीत असते. कधी कधी रांग लागते.”

मॅडमला तो नळ माहीत होता. मधल्या सुट्टीत तिच्या स्वतःच्या खोलीबाहेर फारशी गर्दी नसायची. मुलं मजेत आहेत याचंच हे लक्षण, असं तिने मुख्याध्यापकांना अभिमानाने सांगितलंही होतं.

“आणि ती काय करते?”

“ऐकते. कोणाला सांगत नाही, कधीच नाही. मी माझं सांगितलं तेव्हा ती पण रडली. मग मागे दुसरी मुलगी उभी होती, म्हणून तिने नळावर तोंड धुतलं आणि तिचं ऐकलं.”

मॅडमने विचारलं, “आज काय झालं?”

“आज जिराफताई होती. खारूताई आम्हाला म्हणाली, आज कोणी नाही, जा. मग दोघी मागच्या फाटकाने गेल्या. जाताना जिराफताईने मला तिचे हे दिले.” मुलीने दप्तरातून व्हॉलीबॉलचे गुडघ्याला लावायचे पॅड काढले. निळे, घासून पांढरे पडलेले. “मला आवडायचे ना म्हणून. म्हणाली, ठेव तुला, मला आता लागणार नाहीत. मला आधी मजा वाटली. मग नाही वाटली.”

मॅडमने ते पॅड हातात घेतले. आवडीच्या वस्तू वाटून टाकणारं मूल दिसलं, तर त्याच पावली माझ्याकडे या, हे तिने स्वतः शिक्षकांना वर्षानुवर्षं घोकवलं होतं. आता ती खूण तिच्याच मांडीवर होती. जिराफ कुठे होती ते कोणाला माहीत नव्हतं, आणि तिच्यासोबत आपली पोरगी होती, एकटी, गालांत सगळ्या शाळेचं भरून घेतलेली.

“तू आलीस हे फार चांगलं केलंस,” ती त्या मुलीला म्हणाली.  “तुझं जे आहे ना, तेही मला ऐकायचंय. आज नाही, पण नक्की.”

“फोन नाही ना करणार?”

“तुला विचारल्याशिवाय नाही.”

मुलीला तिच्या वर्गावरच्या सरांच्या ताब्यात देऊन तिने मुख्याध्यापकांना गाठलं. जिराफची आई कापडाच्या कारखान्यात कामाला होती, तिथे फोन आत नेऊ देत नसत. तिला निरोप पोचवायचं आणि पोलिसांना कळवायचं काम मुख्याध्यापकांनी अंगावर घेतलं. मग तिने नवऱ्याला फोन लावला. खारूच्या बाबाचं चष्म्याचं दुकान होतं. तो काचा घासायच्या मशीनवर असला, की घंटी ऐकू जात नसे. शेवटी एकदाचा त्याने उचलला.

“खारू सापडत नाहीये,” ती म्हणाली.

“सापडत नाही म्हणजे? तिचा मेसेज आलाय की मला. उशीर होईल म्हणाली, बसमध्ये आहे.”

“कधी आला? मला का नाही सांगितलंस?”

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला. “अगं, आईला सांगू नको असं लिहिलंय तिने. मला वाटलं, मैत्रिणीबरोबर कुठे भटकत असेल. एवढी तेवढी मजा करू दे, म्हणून गप्प बसलो.”

“कुठली बस? अरे, बोल ना!”

“तिची नेहमीची. गोल फिरणारी. ती बसते ना त्या बसमध्ये अधूनमधून, नुसती फेऱ्या मारत. डोकं रिकामं होतं म्हणते. तुला माहीत नाही?”

तिला माहीत नव्हतं. सगळ्या शाळेत कोण कशाने रडतं हे माहीत असलेल्या बाईला, आपली पोरगी डोकं रिकामं करायला बसमधून गोल गोल फिरते, हे माहीत नव्हतं. रागाने काहीतरी तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं. जिराफचं थोडक्यात सांगितलं. 

“मी दुकानासमोरच्या थांब्यावर उभा राहतो,” तो म्हणाला. “दुकान उघडंच टाकतो.”

गोल बस शाळेसमोरून दोन्ही दिशांनी जायची. अलीकडच्या थांब्यावरून उजवी फेरी, पलीकडच्या थांब्यावरून डावी. कुठल्या बाजूला उभं राहायचं? तिने अलीकडची बाजू घेतली आणि वर्गशिक्षकांना पलीकडे पाठवलं. ते बिचारे हातातला खडू न टाकताच धावले. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, उभं राहायचं होतं फक्त, आणि तेच सर्वांत कठीण होतं. एक बस आली. तिने चढून सगळी बाकं पाहिली आणि माफी मागत खाली उतरली. दुसरी आली. तिच्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पाठमोरी बसली होती. मॅडमने तिच्या खांद्यावर हात ठेवला, ती दचकून वळली, वेगळीच निघाली.

थांब्यावर उभ्या उभ्या तिला नको नको ते दिसायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती. फोन बंद का केला असेल? मध्येच उतरल्या असतील तर? एकीचा हात दुसरीने धरला असेल तर, आणि तो सुटला असेल तर? किंवा सुटलाच नसेल तर? हा शेवटचा विचार आला आणि तिला थांब्याचा खांब धरावा लागला. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का गं तुला. तिने नुसती मान हलवली.

मग पुढची बस वळणावरून आली आणि मागच्या खिडकीत तिला एक डोकं दिसलं. बाकीच्या सगळ्या डोक्यांपेक्षा उंच.

ती चढली. मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. खिडकीकडे जिराफ, तिच्या अंगाला चिकटून खारू. खारूने जिराफच्या स्वेटरची बाही मुठीत गच्च धरली होती. आईला पाहून पोरगी धावत येईल, रडेल, सुटल्यासारखी होईल, असं तिला उगाच वाटलं होतं. खारूच्या चेहऱ्यावर भीती होती. ‘का आलीस?’ असं त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

“तू सांगितलंस,” जिराफ उठली. तिचं डोकं वरच्या दांडीला लागलं. “तू शपथ घेतली होतीस. सांगितलंस तू!”

“नाही सांगितलं. खरंच नाही. फोनसुद्धा बंद केला मी.”

जिराफने बाहेर पडण्यासाठी घंटीचं बटण दाबलं. बस पुढच्या थांब्याकडे कलली. मॅडमला वाटलं, आता हिला धरावं, दोन्ही हातांनी धरून खाली बसवावं. हात पुढे गेलाही. पण धरलेलं मूल हिसडा मारून पळतं, हे तिला माहीत होतं. हिसडा मारला तर खारूची मूठ टिकली नसती. तिने हात मागे घेतला आणि त्यांच्या पुढच्या बाकावर, त्यांच्याकडे पाठ करून ती बसली. समोर बघत बोलली. 

“तिने काहीच सांगितलं नाही. माझी पोरगी सापडत नव्हती, म्हणून मी शोधत आले. आणि तुझे गुडघ्याचे पॅड मी पाहिले. मला त्याचा अर्थ कळतो. खोटं नाही बोलणार तुझ्याशी. मला फार भीती वाटतेय.”

बस थांबली. दार उघडलं.  वळून बघायची तिची छाती झाली नाही. ड्रायव्हर आरशातून बघत ओरडला, “उतरायचंय की नाही?”

“नाही, काका,” खारूचा आवाज आला. “चुकून दाबलं.”

दार बंद झालं. बस निघाली.

“खारू,” ती तशीच पाठमोरी म्हणाली, “माझ्या खोलीत एक पाटी आहे. तू ती कधी पाहिली नाहीस. तिच्यावर लिहिलंय, इथलं इथेच राहील. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ते मी एकटी पोटात ठेवणार नाही. मी मोठी बाई आहे, माझं हेच काम आहे, तरी मी ते एकटी ठेवत नाही. मला ते झेपत नाही, कोणालाच झेपत नाही.”

“तू मला असं नाही सांगितलंस,” खारू म्हणाली. आवाज लहान मुलीचा झाला होता. “मी बालवाडीत असताना तू फोनवर बोलत होतीस कोणाच्या तरी मुलाबद्दल, आणि मी ते शेजारच्या काकूंना जाऊन सांगितलं. तेव्हा तू मला दोन्ही दंडांना धरून सांगितलंस. कोणाचं काही ऐकलंस तर पोटात ठेवायचं. जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही. तुझी नोकरी जाईल म्हणालीस.”

मॅडमला आठवलं. शेजारीण दारात उभी राहून हसत होती, तेही आठवलं.

“कोणाचा जीव गेला तरी?” खारू म्हणाली. “मी दुपारपासून हाच विचार करतेय. तिला म्हटलं, आधी एक फेरी मारू. मग म्हटलं, अजून एक. बस फिरतेय तोवर काही होत नाही. पण बस कधीतरी डेपोत जाणार ना. मग मी काय करणार होते?”

“अर्धंच सांगितलं गं मी तुला,” आई म्हणाली. “उरलेलं अर्धं सगळ्या शाळेला सांगत बसले. चुकलं माझं.”

 मग खारू उठून उभी राहिली. स्वेटरची बाही तिने सोडली नव्हती.

“जिराफ, मी सांगणार आहे,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर सांगते, मागून नाही. तू माझ्यावर चीड. आज चीड, उद्या पण चिडलेली राहा, परवा पण. वर्षभर बोलू नकोस माझ्याशी. पण राहा.” आणि मग वाक्य अर्ध्यात तुटू नये म्हणून डोळे मिटून ती भरभर बोलली, “आई, हिला जगायचं नाहीये. आज ती जाऊन काहीतरी करणार होती. मला भेटायला आली होती ती शेवटचं.”

जिराफने हिसडा मारला नाही. ती हळूहळू बाकावर बसली, लांब पाय पोटाशी घेतले आणि डोकं गुडघ्यांवर टेकलं. आता मॅडम वळली. नेहमीचं सगळं शास्त्र बाजूला ठेवून तिने त्या पोरीला समोरासमोर थेट विचारलं.

“खरं आहे का? तुला मरावंसं वाटतंय?”

“सकाळी वाटत होतं,” जिराफ गुडघ्यांत बोलली. “आता फक्त दमलेय.” मग म्हणाली, “मी उंच झाले ना, तेव्हापासून सगळे म्हणतात मोठी झालीस, मोठ्यासारखी वाग. घरी धाकट्यांना मीच बघते, संघात कॅप्टन मीच, आईची ड्यूटी बदलली की स्वयंपाक मीच. मी मोठी नाहीये, मॅडम. मी नुसती उंच आहे.”

तिला थोडं सरकवून मॅडम खिडकीच्या बाजूला तिच्या शेजारी बसली. मध्ये जिराफ, दोन्ही बाजूंना मायलेकी. “कोणाला फोन करू?” तिने विचारलं. “बोलवावं तर लागेलच कोणालातरी. कोणाला, ते तू सांग.”

“मावशीला,” जिराफ म्हणाली. “आईला मावशी सांगेल. आई तिच्यावर ओरडत नाही.”

खारूच्या बाबाच्या दुकानासमोर बस थांबली, तेव्हा तो थांब्यावर कामाचा ॲप्रन घालून उभा होता. तो चढला आणि पोरींकडे बघून काही न विचारता पुढच्या बाकावर बसला. सरबत्ती करू नये, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चौघं त्याच बसने इस्पितळापर्यंत गेली.

इस्पितळात मावशी आली. जिराफची आई कारखान्याची टोपी डोक्यावर तशीच ठेवून आली आणि लेकीच्या छातीपर्यंतच पोचत असूनही तिला लहान बाळासारखं कवटाळून उभी राहिली. तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं, आज इथेच ठेवू म्हणाल्या, एक माणूस सतत सोबत राहील म्हणाल्या. जिराफने जाताना खारूकडे पाहिलं नाही. खारूने तिची बाही सोडली, तेव्हा बोटं वळलेलीच राहिली. आईला ती एकेक करून सरळ करावी लागली.

मग मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या, शेजारी शेजारी. बाबा खायला काहीतरी आणायला गेला होता. समोर खिडकी नव्हती, भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. दोघी ती चित्रं बघत राहिल्या.

“आई, अजून आहेत,” खारू म्हणाली.

“काय?”

“माझ्याकडे. अजून बऱ्याच जणांचं आहे.”

भीती गेली असं मॅडमला वाटलं होतं. ती कुठेही गेली नव्हती. नावं सांग, आत्ताच्या आत्ता सांग, असं तिच्या जिभेवर आलं. तिने बाकाची कड धरली.

“एवढंच सांग. आत्ता यातल्या कोणाच्या जिवाला धोका आहे का? आठवून सांग.”

खारूने आठवलं. किती वेळ आठवत होती. एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणून बाजूला ठेवत होती, हे आईला दिसत होतं.

“नाही. जिराफच होती.”

“मग उद्या. त्यांना विचारून, त्यांच्यासोबत. तुझ्या एकटीच्या गळ्यात आता काही नाही.” ती थांबली. “आणि तू?”

“मी काय?”

“तू कशी आहेस? मला विचारायचं होतं. खूप आधी विचारायला हवं होतं.”

“आई विचारतेय की मॅडम?”

“आई. मॅडमचं आपण बुधवारच्या बाईंकडे सोपवू. रिकाम्या बसून कंटाळल्या असतील बिचाऱ्या.”

खारू हसली नाही. ती हात धुवायच्या चित्रांकडे बघत राहिली. तिचे गाल आतून भरल्यासारखे झाले.   पोरीच्या पोटात काय आहे, किती दिवसांचं आहे, कोणाला माहीत? आणि ते ऐकायची आपली तयारी आहे का, हे तरी कुठे माहीत होतं? तरी ती उठली नाही. काही विचारलंही नाही.

खारूने नाक ओढलं, आणि सगळी शाळा तिला नळापाशी जे विचारायची, तेच तिने सवयीने विचारलं.

“सांगितलं तर घरी फोन करशील का?”

आईला हसू आलं आणि ते बाहेर पडायच्या आत त्याचं रडू झालं. तिने मान हलवली.

“नाही करत,” ती म्हणाली. “सांग.”

आणि खारू सांगायला लागली.